अकरा साधक

राजाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि नऊ वर्षांनी तिला नवऱ्याचं तोंड नीट दिसलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अवं, एवढं म्हातारं कवा झालासा?" भरमाअण्णांनी हे मनाला लावून घेतलं. माणसाच्या वयाबद्दल घरच्यांनी बोलायचं तर दरसाल थोडं थोडं बोलावं, नऊ वर्षांचं एकदम बोलू नये, असं त्यांचं मत पडलं. साल दोन हजार तेवीस. त्या साली श्रावण अधिक आला होता, आणि पुढच्या भानगडीला या अधिकानं बराच हातभार लावला.

भरमाअण्णा वडगावातले विणकर. वय सहासष्ट. मुलगा नागराज घरातले दोन यंत्रमाग चालवायचा आणि अण्णा मागच्या सोप्यात जुन्या हातमागावर, मन लागलं तर, बसायचे. नागराजची मुलगी मंजुश्री. तिनं पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, पंच्याण्णव टक्के मिळवले, सीईटी दिली, आणि धारवाडच्या शेतकी कॉलेजात तिला जागा लागली. त्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. खुद्द अण्णा अक्षरं शिकले ते पन्नाशीत, साक्षरतेच्या वर्गात, आणि अजून ते बोट ठेवून एकेक अक्षर वाचायचे.

आता राहिली होती एक सही. हॉस्टेलच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी होती आणि फॉर्म सोमवारी धारवाडात पोचायला हवा होता. नागराज सही करत नव्हता.

"आपल्याला गुंठाभर रान न्हाय," तो म्हणायचा. "धोटा मारणाऱ्याची पोरगी धारवाडला जाऊन ऊस लावणार व्हय? हितंच बी.कॉम. करू दे. घरात ऱ्हाईल, सुताच्या कांड्या भरंल."

"कांड्या भरायला पंच्याण्णव टक्के लागत न्हाईत रं," अण्णा म्हणाले.

"आप्पा, पोरीला परगावी ठेवली तर लोक काय म्हणतील?"

"चांगलंच म्हणतील."

"मग म्हणू देत की. गल्लीतली चार माणसं माझ्या तोंडावर म्हणू देत, 'नागराज, पोरीला धाड.' त्या दिवशी सही करतो."

हे तो निर्धास्तपणे बोलला. त्या गल्लीत चार माणसांचं एकमत शेवटचं झालं होतं ते नळाला पाणी येत नाही या विषयावर, आणि त्यालाही पाचव्यानं हरकत घेतली होती.

मंजुश्री शिकली ती तेजस्वी मॅडमांच्या वर्गात. मॅडम एका कॉलेजात गणित शिकवायच्या आणि विणकरांच्या मुलांना कॉलेजच्या परीक्षांसाठी तयार करायचा वर्ग त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये फुकट चालवला होता. वर्गाची वेळ पहाटे साडेचार ते साडेसहा. याचं कारण एवढंच, की सात वाजता गल्लीतले माग सुरू झाले की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही, मग गणित कुठलं ऐकू येणार. दोन वर्षं अकरा पोरं थंडीपावसात त्या वेळेला जाऊन बसली आणि अकराच्या अकरांना चांगल्या ठिकाणी जागा मिळाल्या. पालकांच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "ह्या मुलांचं चार लोकांसमोर कौतुक व्हायला पाहिजे."

चार लोक म्हटल्याबरोबर अण्णा उठून उभे राहिले. "त्यात काय हाय?" ते म्हणाले. "मी बघतो सगळं."

'त्यात काय हाय' हे शब्द माणसानं आयुष्यात कमी वापरावेत. लग्न, घरबांधणी आणि सार्वजनिक कार्यक्रम या तिन्ही गोष्टी ह्याच शब्दांनी सुरू होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सल्लागार आले. पहिला शेजारचा रवळू. हा खानापूरकडचा, सरकारी बसचा निवृत्त कंडक्टर. त्याचा प्रत्येक सल्ला 'मी सर्व्हिसमध्ये असताना' इथून निघायचा आणि मध्ये सगळे थांबे घेत यायचा.

"अण्णा, मी सर्व्हिसमध्ये असताना एक कार्यक्रम पोलिसांनी बंद पाडलेला डोळ्यांनी बघितला. परमिशन काढा. मग फ्लेक्स. मग मोठा पावणा."

"नाष्टा," मागून बायाक्का म्हणाली. बायाक्का समोरच्या घरातली. तिला सांगितलेली गोष्ट वर्तमानपत्राआधी शहापुरापर्यंत पोचायची. "नाष्टा न्हाय तर माणूस न्हाय. परमिशन खाऊन कुणी पोट भरंत न्हाय."

"पोरांचा कार्यक्रम हाय. माणसं येतीलच की," अण्णा म्हणाले.

"पोरांच्या कार्यक्रमाला पोरांच्या आया येतात," बायाक्का म्हणाली. "त्याबी आपल्या पोराचं नाव झालं की उठतात."

हे अण्णांना लागलं, कारण खरं होतं. पण शब्द देऊन झाला होता. ते परवानगी काढायला गेले.

कचेरीतल्या कारकुनानं पहिल्या दिवशी 'नाळे बर्री' म्हणून सांगितलं. उद्या या. अण्णा उद्या गेले. तेव्हा कारकून चांगला मोकळा होता. त्यानं खुर्ची दिली आणि अर्धं कानडी अर्धं मराठीत विचारलं, "कार्यक्रम कसला?"

अण्णांनी मॅडमांनी कानडीत लिहून दिलेला कागद पुढं केला. त्यावर 'साधक विद्यार्थिगळ सन्मान समारंभ' असं होतं. कानडीत साधक म्हणजे ज्यानं काही करून दाखवलं तो, आणि अण्णांनाही कानडी बाजारापुरतं येत होतं, त्यामुळं त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही.

"भाषेचा कार्यक्रम न्हाय न्हवं?" कारकुनानं जरा पुढं वाकून विचारलं. आमच्या सीमेवरच्या भागात हा प्रश्न आधी विचारून घेतात.

"न्हाय साहेब. गणिताचा."

कारकुनाला हायसं वाटलं. पण फॉर्ममध्ये चार चौकोन होते. धार्मिक, राजकीय, विवाह आणि इतर. गणित इतरमध्ये येत होतं. आणि इतरवर सही करणारे साहेब पंधरा दिवसांच्या रजेवर होते.

"विवाह लिवू?" कारकून म्हणाला.

"अकरा पोरांचा?"

"मग राजकीय नको. त्याला बंदोबस्त लागतो." त्यानं थोडा विचार केला. "श्रावण हाय. धार्मिक करा. लगेच देतो."

विद्या ही सरस्वती, सरस्वती म्हणजे देवी, तेव्हा हे काही अगदीच खोटं नाही, अशी स्वतःची समजूत घालून अण्णांनी सही केली. सहीला त्यांना पाऊण मिनिट लागायचं. कारकून तेवढा वेळ आदरानं थांबला.

तिथून ते शामूच्या दुकानात गेले. शामू फ्लेक्स छापायचा. वाढदिवस, बारसं, आमदारांचं स्वागत, सगळं त्याच्या कॉम्प्युटरात तयार असायचं, नावं तेवढी बदलायची. नियमाप्रमाणं वर मोठ्या अक्षरात कानडी आणि खाली लहान अक्षरात मराठी. कानडी ओळ बसली. मराठी ओळ बसेना.

"अण्णा, 'विद्यार्थी' लई जागा खाऊलाय," शामू म्हणाला. "काढू?"

"अर्थ बदलंल का?"

"अर्थ कशाला बदलतोय? वर कानडीत हाय की."

खाली राहिलं ते असं: 'साधकांचा सन्मान सोहळा'. अकरा मुलांचे फोटो मोबाईलवरनं यायचे होते, ते उघडेनात. रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून शामूनं 'साधक' या शब्दाला शोभेल असं चित्र आपल्या कॉम्प्युटरातून काढून टाकलं. उगवता सूर्य, एक कमळ आणि जोडलेले दोन हात.

"तपासून घ्या," तो म्हणाला.

अण्णांनी बोट ठेवून मराठी ओळ तपासली. सा-ध-कां-चा. सावकाश, दोनदा. अक्षर एकही चुकलं नव्हतं. ते म्हणाले, "बरोबर हाय."

फ्लेक्स गल्लीच्या तोंडाशी लागला बुधवारी. वरची कानडी ओळ वाचायच्या भानगडीत गल्लीतलं कुणी पडलं नाही. त्याच दिवशी अण्णा हातमागावर बसले, कारण दरम्यान शालींचा प्रश्न निघाला होता. रवळूनं सुचवलं होतं की बाजारात तयार शाली मिळतात, डझनावर एक फुकट. विणकरांच्या गल्लीत परगावच्या गिरणीची शाल पोरांच्या खांद्यावर पडणार हे ऐकून अण्णांचं रक्त तापलं. त्यांनी पांढरा ताणा लावला, किरमिजी काठ धरला आणि अकरा शेले विणायला घेतले. चार दिवस ते मागच्या सोप्यातून उठले नाहीत. पाठ धरली, गुडघा धरला, पण हात चालला. मंजुश्री शेजारी बसून कांड्या भरून द्यायची.

"आज्जा, कार्यक्रम झाला आणि पप्पांनी सही न्हाई केली तर?"

"करंल."

"खरं न्हाई केली तर?"

अण्णांनी धोटा थांबवला. "तर तू ह्या मागावर बस. मी धारवाडला जातो."

ती हसली नाही. त्या चार दिवसांत ती अभ्यासाची वह्यापुस्तकं बांधून पेटीत ठेवत होती आणि पुन्हा सोडत होती, हे अण्णा बघत होते.

शनिवारी दुपारी अकरावा शेला मागावरून उतरला आणि अण्णा चहासाठी पुढं आले. बघतात तर दारात बायाक्का आणि तिच्यामागं आठ-दहा बायका.

"अण्णा, साधक कुठल्या मठाचं म्हणायचं?" बायाक्का म्हणाली.

"कुठले साधक?"

"आता लपवू नगा. पोलीस येऊन विचारून गेला. परमिशनवर धार्मिक लिवलंय. मी समद्यांना सांगितलंय. अधिकाच्या मैन्यात साधकांचं पाय धुवायला मिळायचं म्हंजे काय साधी गोष्ट हाय? अनगोळचं भजनी मंडळ येणार हाय. पेटीसकट."

अण्णांनी सांगायला तोंड उघडलं. पण बायाक्काचं बोलणं म्हणजे चालू माग, मध्ये हात घालता येत नाही.

"आन् पाद्यपूजेचा पहिला मान कुणी घेतलाय ठावं हाय का? तुमच्या नागराजनं! काल देवासमोर नारळ ठेवून बोललाय. जोडीनं बसणार हाय. मला तर पाणीच आलं डोळ्यांत."

नागराज भाविक होता. गळ्यात माळ, अधिक महिनाभर एकवेळ जेवण. तो मागाशेजारी उभा होता आणि बापाकडं, चार दिवसांत पहिल्यांदाच, प्रेमानं बघत होता.

"आप्पा," तो म्हणाला, "तुमी एवढं मोठं काम काढलासा आन् मला बोलला न्हाईसा. मला वाटलं, तुमी त्या पोरांचंच काय तर करायलाय."

सांगायची वेळ हीच होती. अण्णांनी खाकरून घसा मोकळा केला. तेवढ्यात धागा तुटला, माग थांबला आणि नागराज तिकडं वळला. मग चहा आला. मग रवळू आला. संध्याकाळी नागराज सोवळ्यात पूजेला बसला, आणि सोवळ्यातल्या माणसाला शिवून सांगता येत नाही, लांबून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. अण्णा त्या दिवशी खोटं एक अक्षर बोलले नाहीत. खरं बोलायला सवड झाली नाही, एवढंच.

राजाबाईला मात्र त्यांनी सांगितलं. ती नव्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "गल्लीनं उद्या तुमाला हाणलं तर मी माहेरला गेलते म्हणून सांगा."

रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या आणि माणसं तीनशेच्या वर. बायका निरांजनं घेऊन, बाप्ये नारळ घेऊन. भजनी मंडळानं पेटी लावली होती. ज्यांना मोठा पाहुणा म्हणून बोलावलं होतं त्यांचा निरोप आला की येणं होणार नाही. त्यांच्या खुर्चीवर एक वेगळेच म्हातारे बुवा येऊन बसले होते. अंगात मळकट बंडी, काखेत कापडी पिशवी. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर धाडला होता तो बघून ते गुंजीहून पहाटेच्या रेल्वेनं आले होते. चाळीस वर्षं जप करत होते, आपल्यासारखे आणखी अकरा भेटतील या आशेनं आले होते.

पुढं पाट, पाटासमोर तांब्याचं ताम्हन, आणि नागराज बायकोसह सोवळं नेसून बसलेला. हातात पळी. संकल्प सांगून झाला होता.

मग अकरा पोरं ओळीनं आली. इस्त्रीचे शर्ट, दोन वेण्या. व्यासपीठावर जाऊन बसली.

"पोरं आली," बायाक्का मोठ्यानं म्हणाली. "साधक कवा येणार?"

तेजस्वी मॅडमांनी माईक घेतला. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. एवढी गर्दी बघून त्या हरखून गेल्या होत्या. "हेच आमचे साधक," त्या म्हणाल्या.

पेटीवाल्याचा हात भात्यावर तसाच राहिला. आणि मग एकदम सगळे बोलायला लागले.

"ही? साधक?" बायाक्का उठून उभी राहिली. "ह्या मंथननं परवा माझ्या पत्र्यावर बॉल मारलाय! ह्याचं पाय धुवायचं?"

"मी सर्व्हिसमध्ये असताना," रवळू कुणालातरी सांगू लागला, "अशा कारणावरनं गाडीच्या काचा फुटलेल्या..."

अण्णा शेल्यांचा गठ्ठा छातीशी धरून भिंतीला टेकले होते. खिशात त्यांचं भाषण होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं एक पानभर लिहिलं होतं, आठ दिवस खपून. ते आता होत नाही हे त्यांना कळलं. नागराज पाटावरून मान वळवून बापाकडं बघत होता. त्या बघण्यात आदल्या दिवशीचं प्रेम नव्हतं.

तेव्हा गुंजीचे बुवा काठी टेकून उठले. ते उठले तसा गोंगाट आपोआप कमी झाला. ते सावकाश मंथनपुढं जाऊन उभे राहिले.

"किती वर्षं साधना?" त्यांनी विचारलं.

मंथन घाबरून उभा राहिला. "दोन वर्षं."

"रोज?"

"व्हय. रविवारीबी."

"वेळ?"

"पहाटे साडेचार ते साडेसहा. नंतर माग चालू होतात."

"ब्राह्ममुहूर्त," बुवा लोकांकडं वळून म्हणाले. "गुरू कोण?"

पोरांनी मॅडमांकडं बोट दाखवलं.

"दक्षिणा?"

"त्या काय घेत न्हाईत."

"मौन पाळता?"

मंथननं डोकं खाजवलं. "परीक्षेआधी दोन महिने मोबाईल बंद हुता."

बुवांनी बराच वेळ डोळे मिटले. "आणि आहार?"

"जमंल तसं," मंथन म्हणाला, आणि साधकाला खोटं बोलता येत नसल्यासारखा म्हणाला, "कधी कधी भजी."

बुवांनी डोळे उघडले. "माझी चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "साडेचारला मला रोज जाग येत नाही. कधी येते, कधी येत नाही. भजी मलाही सुटलेली नाहीत. हे साधक आहेत. पाणी घाला."

तीनशे माणसांसमोर चाळीस वर्षांच्या जपानं निकाल दिला होता. बायाक्का खाली बसली. बसताना तिनं "पत्र्याचं तेवढं बघा मागनं" असं म्हणून घेतलं.

मार्कांप्रमाणं ओळ लावली होती. पहिलं नाव मंजुश्रीचं.

ती पाटावर उभी राहिली. नागराजनं वर बघितलं नाही. संकल्प सोडलेला होता, पळी हातात होती, आणि अधिक महिन्यात हातात घेतलेलं पाणी खाली ठेवून उठणारा माणूस वडगावात अजून जन्मायचा होता. त्यानं पळीनं पाणी घेतलं. मंजुश्रीनं पाय मागं घेतला.

"पप्पा, नको."

"साधकानं पाय मागं घ्यायचा नसतो," बुवा म्हणाले.

तिनं पाय ताम्हनात ठेवला. नागराजनं पाणी घातलं आणि हातानं पाय धुतला. डाव्या घोट्यावर पांढरा व्रण होता. तीन वर्षांची असताना ती हातमागाच्या खड्ड्यात पडली होती, आणि तिला उचलून रस्त्यानं अनवाणी दवाखान्यापर्यंत पळाला होता तो हाच नागराज. त्याचा अंगठा त्या व्रणावर थांबला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. त्यानं उपरण्यानं दोन्ही पाय पुसले, कुंकू लावलं, फूल वाहिलं. सगळं नीट, विधीनं केलं.

"आता विचारा," बुवा म्हणाले. "काय सेवा करू, असं विचारायची रीत आहे."

नागराज म्हणाला, "काय सेवा करू?"

मंजुश्री इतकं हळू बोलली की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

"पप्पा, फॉर्मवर सही."

पुढच्या दोन रांगांत बायाक्का होतीच, त्यामुळं उरलेल्या हॉललाही कळलं.

"कसला फॉर्म? कॉलेजचा? आन् तू सही करंनास?" ती पुन्हा उठली. "नागराज, पाय धुतलास आन् सही करायला हात मोडतोय व्हय? पोरीला धाड!"

"धाड रं," रवळू म्हणाला. "मी सर्व्हिसमध्ये असताना धारवाडला रोज जायचो. लांब न्हाय."

पेटीवाला म्हणाला, "धाडा की." त्याला कशाबद्दल चाललंय ते माहीत नव्हतं, पण अनगोळच्या माणसाला मत विचारायला लागत नाही.

चौथी राजाबाई. ती माहेरला गेली नव्हती. बायकांच्या मागून तिनं एवढंच म्हटलं, "नागू, धाड तिला."

नागराज पाटाजवळ तसाच बसून होता. अण्णा पुढं आले. फॉर्म पहिल्या शेल्याच्या घडीत होता. शनिवारी रात्रीपासूनच त्यांनी तो तिथं ठेवला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ओल्या हातानं कागद खराब होईल म्हणून नागराजनं आधी हात पुसले. मग सही केली.

पुढचा कार्यक्रम दोन तास चालला. अकराही जणांचे पाय धुतले गेले. मंथनचे बायाक्कानं धुतले, जरा जोरात घासून. बुवांना शेला दिल्याशिवाय अण्णांना राहवेना, म्हणून तो दिला, तेव्हा एक शेला कमी पडला आणि शेवटच्या पोराच्या खांद्यावर भजनी मंडळानं पेटीवरचं मखमली कापड घातलं. आभाराच्या भाषणात रवळूनं परमिशनचं, फ्लेक्सचं, नाष्ट्याचं, मंडळाचं आणि रेल्वे खात्याचं नाव घेतलं. भरमाअण्णांचं राहिलं. अण्णा तिथंच, ऐकू येईल इतक्या अंतरावर, पत्रावळ्या उचलत होते. भाषणाचा कागद त्यांनी चौघडी करून परत खिशात सारला. एका पानात त्यांनी अकराही पोरांची नावं लिहिली होती, जोडाक्षरांसकट, आणि ती कुणी ऐकली नाहीत, याचं दुःख त्यांना पुढं बरेच दिवस राहिलं.

संध्याकाळी बापलेक कट्ट्यावर बसले. त्या दिवशी माग बंद होते.

"आप्पा, तुमाला ठाऊक हुतं?"

"शनिवारपास्नं."

"सांगितला न्हाईसा."

"न्हाय."

नागराजनं समोर बघत म्हटलं, "सांगितलं असतंसा तर मी पाटावर बसलो नसतो."

"म्हणूनच रं."

मग नागराज म्हणाला, "धारवाडची पहिली गाडी कितीला असती, रवळूकाकाला विचारा. तुमीच विचारा. मी विचारलं तर दुपार व्हईल."

सोमवारी तो स्वतः मंजुश्रीला घेऊन गेला. पेटी त्याच्या डोक्यावर होती. परत आल्यावर कांड्या भरायला माणूस नव्हतं, तेव्हा ते काम अण्णांनी घेतलं. दर दुसऱ्या रविवारी नागराज धारवाडला जाऊन यायचा आणि आल्यावर गल्लीला माती तपासायची कशी, तुरीवर कीड पडली तर काय करायचं, हे सांगत बसायचा. गल्लीत तूर कुणाकडंच नव्हती. सगळे ऐकून घ्यायचे.

पुढं दीड वर्षानं एका सकाळी भरमाअण्णा कांड्या भरता भरता बसल्या जागी कलंडले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दहा वाजता माणसं जमली, अकराचे बारा वाजायला लागले तशी मोठी माणसं म्हणू लागली की उन्हं चढायलीत, आता उचलू या. नागराज उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "पोरगी यायलीय," तो म्हणाला. "ती आल्याबिगर न्हाय." भावकी चिडली, त्यानं ऐकलं नाही. दीड वाजता मंजुश्री धारवाडहून पोचली, आणि मग नेलं. भरमाअण्णा वारले ते रविवारी, नऊ मार्च दोन हजार पंचवीस रोजी, सकाळी पावणेआठला.